स्थळपाहणी

बुधवारचा तो दिवस इतका साधा होता की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच अपेक्षाला तो सगळाच्या सगळा लक्षात राहिला. सकाळी नळाला पाणी आलं नाही. त्या दिवशी पाण्याची पाळीच नव्हती. दुपारी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मेथी निवडता निवडता मेथीवर आणि एस.टी.च्या सध्याच्या कारभारावर एकाच दमात मत दिलं. दोन्ही पूर्वीसारखी राहिली नव्हती. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून, मांडीवर पाट घेऊन ते सरकारी अर्ज भरायला बसले. अर्जावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'निवास व न्याहारी'. म्हणजे घरातल्या रिकाम्या खोल्या प्रवाशांना राहायला द्यायच्या आणि सकाळी त्यांना खायला घालायचं.

पुंजारामआप्पा तीस वर्षं कंडक्टर होते. त्यातली बावीस वर्षं त्यांनी अजिंठ्याच्या गाडीवर काढली होती. फर्दापूरला उतरणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला "कुठून आलात, जेवलात का" असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी घंटी ओढली नाही. निवृत्तीनंतर प्रश्न शिल्लक राहिले आणि माणसं संपली. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे हा अर्ज.

"अपे, 'घराचे वैशिष्ट्य' असा रकाना आहे. काय लिहू?"

"गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसतो म्हणून लिहा."

"तो तर सगळ्यांच्याच गच्चीवरून दिसतो."

"मग लिहा, इथं चौकशा फार करतात."

आप्पा हसले, आणि त्यांनी खरोखरच लिहिलं, 'येथे पाहुण्यांची आपुलकीने चौकशी केली जाते.' मग 'आपुलकीने'तला पु ऱ्हस्व की दीर्घ ह्यावर दोघांचं पाच मिनिटं चाललं.

गुरुवारी पहाटे आप्पा गेले. ह्या गोष्टीत त्याबद्दल एवढंच, कारण ही गोष्ट अर्जाची आहे.

तेराव्यानंतर धाकटा भाऊ विश्वजीत म्हणाला, "ताई, तू इथं एकटी काय करणार? घर विकून टाकू आणि तू पुण्याला ये. तुझ्यासाठी एक खोली काढूनच ठेवलीय." ती खोली अपेक्षानं पाहिली होती. तिच्यात एक चालायचं यंत्र होतं, आणि त्यावर चालत कुणीच नसल्यामुळं कपडे वाळत घातलेले असत. विश्वजीत वाईट नव्हता. तो फक्त दुसऱ्याची सोय करायला निघाला की त्या दुसऱ्याला विचारायचं विसरायचा.

अपेक्षा भांडली नाही. ती एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होती. तिथली मुलं ग्रंथालयात पंख्याखाली बसायला येत, त्यामुळं शांतपणे वाट पाहण्याची कला तिला सोळा वर्षांच्या नोकरीत साधली होती. ती एवढंच म्हणाली, "वर्षश्राद्धापर्यंत आप्पांचा अर्ज मंजूर झाला तर घर ठेवायचं. नाही झाला तर विक."

विश्वजीत लगेच कबूल झाला. सरकारी कामाचा थोडा तरी अनुभव असलेला कुणीही झाला असता.

पर्यटनाच्या कार्यालयात खिडकीवरचे गृहस्थ अर्ज चाळत म्हणाले, "हा पुंजाराम यांच्या नावे आहे. त्यांनाच यावं लागेल."

"ते वारले."

"मग त्यांचं संमतिपत्र जोडा."

न वाचता बोलणाऱ्या माणसांशी अपेक्षाचा रोजचा संबंध होता. तिनं मृत्यूचा दाखला खिडकीतून आत सरकवला. गृहस्थांनी तो वाचला, ते अर्धवट उठून उभे राहिले, "सॉरी मॅडम" म्हणाले आणि परत बसले. मग आवाज बराच खाली आणून त्यांनी सांगितलं की नवा अर्ज करावा लागेल. शिवाय ह्यात एका ठिकाणी शहराचं जुनं नाव आहे आणि एका ठिकाणी नवं, तेव्हा एक घर दोन शहरांत कसं, असा प्रश्न वरून येऊ शकतो. आणि मुख्य म्हणजे सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल.

देवगिरीदर्शन सोसायटी पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला. अठरा घरं, एक दत्ताचं मंदिर आणि एक सचिव. सचिव सोमनाथकाका सरकारी नोकरीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. घरी ते पत्नीलासुद्धा 'विषयांकित भाजी' म्हणतात अशी वदंता होती.

"हरकत आहे," काका म्हणाले. "तुझ्याबद्दल नाही. विषयाबद्दल."

आणि विषय खरोखर होता. कोपऱ्यावरच्या बंगल्याचा मालक हैदराबादला गेला आणि त्यानं तो बंगला मोबाइलवरून दोन-दोन दिवसांसाठी द्यायला सुरुवात केली. कुणाची परवानगी नाही, कुठं नोंद नाही. मग दर शनिवारी नव्या गाड्या यायच्या. एकदा एक गाडी काकांच्या फाटकासमोर लागली आणि उपाशीपोटी साखर तपासायला निघालेले काका अकरापर्यंत उपाशीच राहिले. एकदा एका जोडप्यानं लग्नाआधीचे फोटो काढायला शेजारच्या गोजरमावशींच्या कर्दळीत उभं राहून कर्दळ आडवी केली. पण कॉलनीला लागलं ते वेगळंच. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की त्या घराचं दार दर वेळी निराळाच माणूस उघडायचा आणि विचारायचा, "कोण पाहिजे?" आपल्याच गल्लीत आपल्याला कोण पाहिजे, ह्याचं उत्तर कुणालाच देता येईना. तेव्हा सोसायटीनं ठराव केला, कोणत्याही घरात अनोळखी इसमास मुक्कामास ठेवू नये.

"काका, पण मी नोंद करूनच करतेय. मी स्वतः खाली राहणार. पाहुण्यांची वही ठेवणार."

"आधी सरकारची मंजुरी आण. मग सोसायटी विचार करील."

"सरकार म्हणतं, आधी सोसायटीचं पत्र आणा."

"बरोबर आहे त्यांचं," काका समाधानानं म्हणाले. आपल्या तोडीचं कुणीतरी अजून नोकरीत आहे ह्याचा त्यांना आनंद झाला होता.

दरम्यान अपेक्षानं स्वतःच्या नावानं नवा अर्ज दिला, सोसायटीच्या पत्राची जागा तेवढी मोकळी ठेवली, आणि ती इतर कागद जमवत राहिली. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागत होता. एकोणचाळीस वर्षांत जिनं ग्रंथालयाचं पुस्तकसुद्धा कधी उशिरा परत केलं नव्हतं, तिच्या चारित्र्याची चौकशी करायला हवालदार कडुबा मोटारसायकलवर आले आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "अपेक्षाबाईचं चालचलन कसं आहे?" सगळ्या खिडक्या उघडल्या. गोजरमावशींनी सांगितलं, "गुणाची हाय. वाचती लई, पर तेवढं सोडलं तर काही खोड नाय." कडुबांनी तसं लिहून घेतलं. दाखल्यात ते 'वाचनाव्यतिरिक्त आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं उतरलं.

आग विझवायचं नळकांडंही आणलं. विकणाऱ्यानं ते कसं चालवायचं हे दाखवतो म्हटलं आणि दाखवलं. बैठकीतली पुस्तकं दोन दिवस पिठाच्या गिरणीत नोकरीला असल्यासारखी दिसत होती. नळकांडं रिकामं झालं, म्हणून भरून आणायला परत न्यावं लागलं.

ह्या सगळ्या धावपळीत लोक तिच्याशी जरा जास्तच हळू आवाजात बोलत. त्यालाही कारण होतं. आप्पांची एक पक्की समजूत होती की पोरगी आपल्यापायी लग्नावाचून राहिली. आई लवकर गेली, विश्वजीत पुण्याला, मागं म्हातारा बाप. तेव्हा बिचारीनं स्वतःचं सगळं बाजूला ठेवलं. ही समजूत त्यांनी स्वतःपाशी ठेवली असती तर गोष्ट वेगळी. पण ते कंडक्टर होते. त्यांनी ती भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाटली. अपेक्षाला ते खोडून काढायचं होतं. पुष्कळदा तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. फारच भरून आलं तर "चहा टाकू का?" असं विचारायचं आणि समोरच्यानं "टाक" म्हणायचं, इथपर्यंतच त्यांची मजल होती.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले असताना, ती भाजीच्या गाडीपाशी वांगी निवडत होती तेव्हा फोन आला. पर्यटनचे निरीक्षक अतुल साहेब बोलत होते.

"उद्याच स्थळपाहणी?" अपेक्षा म्हणाली. "किती जण येणार? बरं. अकरा वाजता. हो, मी रजा घेते. शेजारी? शेजारी हजर लागतात का? चालेल, मी सांगून ठेवते."

मराठी भाषेत जिथं सहलीला जातात तेही स्थळ आणि मुलीला सांगून येतं तेही स्थळ, आणि दोन्ही पाहायलाच लोक येतात. सोळा वर्षं पुस्तकांच्या संगतीत राहूनही हे अपेक्षाच्या ध्यानात आलं नाही. ती शेजारी उभ्या असलेल्या गोजरमावशींकडं वळली.

"मावशी, उद्या अकराला घरी याल का? सोमनाथकाकांनाही सांगाल? तुम्ही दोघं असलात तर बरं पडेल. माझ्या बाजूनं दुसरं आहे कोण?"

मावशींनी हातातली कोथिंबीर गाडीवर ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. "येते की माय. न येऊन कसं चालंल?"

घराच्या परवानगीसाठी मावशी एवढ्या हळव्या होतील असं तिला वाटलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या बंगल्याची जखम भरली म्हणायची, असं मनाशी म्हणत ती वांगी घेऊन घरी गेली.

सकाळी दार उघडलं तर फाटकापुढं कुणीतरी रांगोळी काढलेली. दहा वाजता मावशी पातेलंभर पोहे आणि एक मोरपंखी साडी घेऊन आल्या.

"ही नेस."

"मावशी, साडी कशाला? सरकारी माणसं येतायत."

"सरकारी हायेत व्हय?" मावशींचा चेहरा उजळला. "मंग तर नेसच."

तिनं नेसली नाही. नाही म्हणायला केस विंचरले. पाठोपाठ सोमनाथकाका इस्त्रीच्या सदऱ्यात, खिशाला दोन पेनं लावून आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सचिवानं अर्जदाराच्या डोक्यावर हात ठेवण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे ते तिला आठवेना, पण ना हरकत पत्राची आशा इतकी होती की तिनं जास्त विचार केला नाही.

अकराला जीप आली. अतुल साहेब पंचेचाळिशीचे, जाड भिंगाच्या चष्म्याचे, कपाळावर कायमचा घाम असलेले गृहस्थ होते. त्यांच्याबरोबर कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिक रत्नमाला मॅडम होत्या. त्यांच्या हातात मोजायची टेप होती. मॅडम कुणाशी न बोलता थेट वर गेल्या. अपेक्षा त्यांच्या मागं चावी घेऊन गेली. त्यामुळं पुढचं सगळं तिनं जिन्यावरून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

"पाव्हणे गाव कोणतं?" मावशी.

"गंगापूर."

"माझं माहेर बी तिकडचंच. मंग आपलेच की. घरी कोण कोण?"

"सगळे आहेत," साहेब म्हणाले. जनतेशी सौजन्यानं वागायचं प्रशिक्षण त्यांनी अलीकडंच घेतलं असावं.

"नोकरी कायमची ना?" काकांनी विचारलं.

"हो. का?"

"नाही, हल्ली कंत्राटी फार झालंय."

"मी आधी बाहेरून बघितलं," साहेब म्हणाले. "स्थळ चांगलं आहे. थोडं जुनं आहे, पण मजबूत आहे."

मग मावशींचा आवाज आला, जरा ताठ. "चाळीशीला टेकलीय, तेवढं चालायचंच. तुम्ही बी काय कवळे नाहीत."

"नाही, आमची तक्रार नाही. देखभाल चांगली दिसतेय. ह्याआधी कुणी राहून वगैरे गेलंय का?"

"कुणीबी नाय," मावशी ठासून म्हणाल्या. "आमच्या गल्लीत तसलं नसतंय."

वर रत्नमाला मॅडमनी न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, गादी दाबून पाहिली, कपाटाचं दार तीनदा उघडझाक केलं. अपेक्षा खाली आली तेव्हा मावशी तिला कोपऱ्यात ओढून कुजबुजल्या, "बहीण लई बारीक नजरेची दिसते. पर पोरगा गरीब हाय. घाम येतोय बिचाऱ्याला."

"कुणाची बहीण?"

"त्याची. वर गेलीय ती. तू ट्रे घेऊन जा आता. आन मान खाली."

तेव्हा कुठं रांगोळी, साडी, डोक्यावरचा हात आणि 'तुम्ही बी कवळे नाहीत' हे सगळं एका ओळीत येऊन अपेक्षापुढं उभं राहिलं. एकोणचाळीस वर्षं वयाची, दोन पदव्युत्तर पदव्या असलेली बाई पोह्यांचा ट्रे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि बाहेर तिची मजबुती तपासली जात होती.

तोंड उघडणार, तेवढ्यात बैठकीतून साहेबांचा आवाज आला. "शेजारी म्हणून तुमची काही हरकत?"

"हरकत कसली? उलट उशीर झालाय," काका म्हणाले.

"मग इथं तसं लिहून सही करा. पंचनाम्याला लागते."

"लगेच लिखापढी?" मावशींना नवल वाटलं. "आजच याद्या?"

"बरंच आहे," काका पेनाचं टोपण काढत म्हणाले. पसंती झाली की देण्याघेण्याची यादी करून तिच्यावर वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, हे त्यांनी आयुष्यभर मोठ्या आवडीनं केलं होतं. "जे काय असेल ते कागदावर आलेलं बरं." आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर स्थळास माझी व सोसायटीची कोणतीही हरकत नाही.' खाली सही, तारीख आणि सवयीनं खिशातून काढलेला सचिवाचा शिक्का. मावशींनीही सावकाश गोजरबाई असं नाव काढलं.

अपेक्षा ट्रे धरून उभीच होती. वर्षभर जे पत्र मिळत नव्हतं ते दहा पावलांवर टेबलावर पडलं होतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कॉलनीत कुणी नव्हतं. दहा मिनिटांत जीप निघून गेली असती आणि घर राहिलं असतं.

तिनं बैठकीत जाऊन ट्रे टेबलावर ठेवला.

"काका, हे लग्नाचं स्थळ नाही. साहेब आपलं घर बघायला आलेत. पाहुणे ठेवायच्या परवानगीसाठी."

पोह्यांच्या ताटलीकडं निघालेला साहेबांचा हात वाटेतच थांबला. "लग्नाचं म्हणजे? माझं? माझं झालेलं आहे," ते म्हणाले. "दोन मुली आहेत."

"अरे देवा," मावशी म्हणाल्या. "आन सगळे हायेत म्हणाला ते हे व्हय."

काकांनी कागद पुढं ओढला, चष्मा नीट केला आणि स्वतःचंच वाक्य दोनदा वाचलं. "ही सही रद्द समजावी."

"शिक्का मारलेली सही खोडता येत नाही," रत्नमाला मॅडम जिन्यावरून उतरता उतरता म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "वेगळा जबाब द्या. खाली कारण लिहा."

"कारण काय लिहायचं?"

"जे घडलं ते. शासकीय स्थळपाहणी ही लग्नाची समजून सही केली, असं. फाइलला कायम राहील."

सोमनाथकाकांनी पेन हातात घेतलं. बराच वेळ ते कोऱ्या कागदाकडं बघत राहिले. चौतीस वर्षांची निष्कलंक नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावी. अखेर त्यांनी टोपण लावलं.

"गाड्या फाटकासमोर लागता कामा नयेत," ते अपेक्षाला म्हणाले.

"नाही लागणार."

"पाहुण्यांची वही दर रविवारी मला दाखवायची. आणि वर्गणीला आलो तर दार तू उघडायचं."

"मीच उघडेन, काका."

"मग असू दे ती सही. विषय संपला." आणि त्यांनी पोह्यांची ताटली ओढून घेतली.

गोजरमावशींचा विषय मात्र संपला नव्हता. मोरपंखी साडीची घडी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या आणि खरोखर रडवेल्या झाल्या होत्या. "मला वाटलं, सुटली माय पोर. पुंजारामभाऊ किती जीव टाकायचे. जायच्या आदल्या हप्त्यात बी म्हणले, गोजरबाई, माझ्यापायी लेकराचा जल्म गेला. आता ते तसंच मनात घेऊन गेले की."

साहेबांनी घाम पुसला आणि सरकारी माणसं अशा वेळी जे करतात तेच केलं. ते कागदाकडं वळले.

"एकच रकाना राहिलाय, मॅडम. तो भरला की मंजुरी ह्याच आठवड्यात निघेल. 'अर्जदाराचे म्हणणे.' तुम्ही सांगाल ते शब्दशः लिहून घेतो. बहुतेक लोक काही नाही म्हणतात."

अपेक्षाही 'काही नाही' म्हणणार होती. ओठ तसे हललेही. मग तिनं एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"लिहा," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाही नवीन होतं. "मी ह्या घरात वडिलांसाठी अडकून पडले नव्हते. त्यांना तसं वाटायचं आणि मी त्यांना तसं वाटू दिलं, ही माझी चूक. मला इथं राहायला आवडायचं. त्यांच्याशी वाद घालायला आवडायचं. कॉलेज सुटलं की घरी यायची घाई व्हायची. दुसरीकडं कुठं जावं असं मला वाटलंच नाही, कधीच नाही. मी सुखात होते, आप्पा."